सही कुणाची, रुग्णाची की घरच्यांची?

प्रश्न : धाकट्या भावाला (वय 32) स्किझोफ्रेनिया आहे. दवाखान्यातला संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये होता. त्याला कन्नड वाचता येत नाही. तो गप्पच बसला, म्हणून वडिलांनी सही केली. मानसिक आजार असला की घरच्यांचीच सही चालते ना?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 प्रमाणे आजाराचं नाव काहीही असो, रुग्णाला निर्णय घेता येतो असंच आधी धरून चालायचं. कलम 4 तीन गोष्टी पाहायला सांगतं : दिलेली माहिती कळते का, होकार-नकाराचे परिणाम उमगतात का, आणि ठरलेलं बोलून, खुणेनं किंवा आणखी कशानं सांगता येतं का. माहिती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी, हेही त्याच कलमात आहे. सीमाभागात नेमकी इथंच गफलत होते. कन्नड न कळल्यानं माणूस गप्प राहतो आणि त्याला 'समजत नाही' असं लिहिलं जातं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना म्हणा, मराठी येणाऱ्या नर्सला किंवा समाजसेवकाला बोलवा. मग डॉक्टरांना भावाला साधे प्रश्न विचारू द्या : ही गोळी कशासाठी? नाही घेतली तर काय होईल? तुझं काय ठरलं? मध्ये वडिलांनी उत्तर द्यायचं नाही. झोपेचं इंजेक्शन नुकतंच दिलेलं असेल तर उतरेपर्यंत थांबा. त्यानं 'नको' म्हटलं आणि तो निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याची क्षमता गेली असं होत नाही.

खरोखरच कळत नसेल आणि जिवाला धोका, मारहाण किंवा स्वतःची अजिबात काळजी न घेणं अशी वेळ आली, तर कलम 89 खाली त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला मदत करायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर जास्तीत जास्त 30 दिवस भरती करता येते. त्याआधी दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवा. पुढे दर 7 दिवसांनी क्षमता पुन्हा पाहायची. म्हणजे वडील प्रतिनिधी असले तरी त्यांची सही कायमची नाही. भाऊ बरा असताना साध्या कागदावर त्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं प्रतिनिधी नेमून घ्या. वडील नकोत, बहीण हवी, असं तो म्हणाला तर तसंच लिहा.

प्रश्न : मुलाला बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याचा आजार) आहे, तो त्यावरचं लिथियम हे औषध घ्यायला तयार नाही. चहातून दिलं तर?
– एक आई, निपाणी

उत्तर : देऊ नका. तुमची तगमग समजते, पण यात जिवाला धोका आहे. लिथियमचं रक्तातलं प्रमाण वरचेवर तपासावं लागतं. मुलाला माहीतच नसेल तर अंगदुखीसाठी तो दुसऱ्या डॉक्टरकडून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आणेल आणि ते प्रमाण वाढेल. हात थरथरणं, उलट्या, बोबडं बोलणं दिसलं तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

गोळी का नको, हे त्यालाच विचारा. वजन वाढतं, तहान लागते, हात कापतात, अशी कारणं बहुतेकदा निघतात. त्यावर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. तो दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला, चोवीस तास सुरू असतो.