वारा आहे पण बोर्ड उठत नाही

प्रश्न: विंग फॉइलिंग (हातात पंख धरून वाऱ्यावर चालायचं, बोर्डखालचं फॉइल बोर्डला पाण्याच्या वर उचलतं) बऱ्यापैकी जमायला लागलं म्हणून पॅराविंग घेतलं, म्हणजे दोऱ्यांनी हातातल्या बारला (दांड्याला) जोडलेला कापडी पंख, ४ स्क्वेअर मीटरचं. वजन ८० किलो, बोर्ड आखूड आणि रुंद, ९० लिटरचा, फ्रंट विंग (पाण्याखालच्या फॉइलचा पुढचा पंख) ९०० स्क्वेअर सेंटिमीटर. वारा १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किमी) वर असला की धमाल येते, पण १०-१२ नॉटला नुसताच ओढला जातो, बोर्ड काही पाणी सोडत नाही. बार जोरात ओढला तर कापड मागे पडून थेट पाण्यात. कधी चुकूनमाकून उठलोच तर वारा पडला की किंवा जाइब (वारा पाठीशी घेऊन वळणं) करताना पुन्हा खाली. याच वाऱ्यात ५ मीटरच्या हवा भरायच्या विंगवर मी आरामात उठतो. मोठं पॅराविंग घेऊ का?

उत्तर: घाई नका करू, आधी तुलना जरा बघा. हवा भरलेल्या विंगला पुढची कडा ताठ असते, ती हातात धरून पंख्यासारखी झापता येते आणि वारा नसला तरी थोडाफार जोर निघतो. पॅराविंग म्हणजे एकपदरी कापड आणि दोऱ्या, त्याचा आकार टिकतो तो फक्त वाऱ्यामुळे आणि दोऱ्यांच्या ताणामुळे, ताण गेला की आकार गेला. त्यामुळे हलक्या वाऱ्यात त्याच साइजचं पॅराविंग कमीच पडतं आणि तुमचं तर वर एक मीटरने लहान आहे. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटला जी ओढ मिळते तिच्या जवळजवळ दीडपट १२ ला आणि दुप्पट १४ ला! म्हणून सारखं झगडत बसायचं नाही, बार सैल धरून थांबायचं, पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसला की तोच झोत पकडायचा आणि सगळी ताकद तिथे लावायची.

पैसे घालायचेच असतील तर माझं मत विचाराल तर आधी बोर्डवर घाला. सात फुटांच्या पुढचा, विशेक इंच रुंदीचा डाउनविंड बोर्ड (वाऱ्यासोबत लाटांवर जायला केलेला लांब, अरुंद बोर्ड) कमी ओढीतही वेग धरतो, तुमचा आखूड बोर्ड पाणी ढकलत बसतो. फ्रंट विंग पण १२०० च्या पुढची हवी, ती कमी वेगात उचलते. हे दोन्ही झाल्यावर मग ५ मीटरचा विचार करा, कारण मोठ्या पॅराविंगचं कापड जास्त, वळायला ते आळशी आणि फॉइलवर असताना गुंडाळून कमरेच्या पट्ट्यात कोंबायला त्रासाचं.

आता उठायचं. बार ओढून कापड मागे पडतं ते साहजिक आहे, वेग नसताना मागचा हात आवळला की पॅरावि‍ंग स्टॉल होतं, म्हणजे त्याची ओढच तुटते. बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवून मग थोडा वाऱ्याच्या दिशेने उतरवा, पॅरावि‍ंग वर न्या आणि तिथून पुढे-खाली झपकन सोडा, पुन्हा वर, पुन्हा खाली. फिरवल्यामुळे त्याला स्वतःचा वारा मिळतो आणि ओढ एकदम वाढते. मागचा हात हळूहळू आत (स्वतःकडे), ओढ कमी वाटली की लगेच थोडा बाहेर. बोर्ड सरकायला लागला आणि मागून छोटीशी लाट आली की त्याच क्षणी पायांनी दोन-तीन पंप (बोर्ड खाली दाबून सोडणं), पुढचा पाय हलका करून. लाट नसताना पंप करत राहिलात तर फक्त दम जातो, बाकी काही होत नाही. आणि नजर पुढे ठेवा हो, सगळे वर कापडाकडेच बघत बसतात!

उठल्यावर निम्मं काम झालं, कारण आता तुमच्या वेगामुळे वारा समोरून लागायला लागतो आणि पॅरावि‍ंग पुढे सरकतं, तेव्हा बार थोडा आत घ्यावा लागतो. इथे लोक खुश होऊन सरळ वाऱ्यासोबत सुटतात, मग लागणारा वारा कमी होतो, दोऱ्या सैल पडतात आणि कापड गोळा. जरा आडवंच चालत राहा. वारा पडला तर पॅरावि‍ंग डोक्याच्या वर नेऊन पायांनी पंप करत पुढच्या झोतापर्यंत तग धरा. जाइबसुद्धा पूर्ण वेगात असतानाच, शक्यतो लाटेच्या उतारावर, आणि पॅरावि‍ंग आधी वर नेऊन. वळण मोठं घेतलं तरी चालेल पण मधे रेंगाळू नका, सगळ्यात जास्त वेग तिथेच जातो.

प्रश्न: एकदा पाण्यात पडलं की पुन्हा उडतच नाही, असं का?

उत्तर: ओलं कापड जड होतं आणि हलका वारा ते उचलू शकत नाही. पुढची कडा धरून पाणी निथळू द्या, दोऱ्या बोर्डात किंवा मास्टमध्ये (फॉइलच्या उभ्या दांड्यात) अडकल्यात का बघा, मग बार धरून वाऱ्यात सोडा. दोनतीनदा करूनही नाही उठलं तर गुंडाळा आणि बोर्डवर पोटावर पडून हाताने वल्हवत या. म्हणूनच हलका वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर त्या दिवशी उतरूच नका, आणि लीश (बोर्ड अंगाला बांधणारी दोरी) तर कायम हवीच.