पाकीट फेकू नकोस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. वकिलांच्या ऑफिसात काम शिकायला लागून तीन आठवडे झाले तरी फायलींवर पान नंबर घालण्यापलीकडे काही हाती आलेलं नाही, आणि ज्या वकील मॅडमच्या हाताखाली काम करतोस त्या एकच मसुदा चार चार वेळा परत देतात, अशा तुझ्या दोन तक्रारी. पहिलीत थोडं तथ्य आहे. दुसरी वाचून मला तुझा हेवा वाटला.

पहिलीचं आधी उरकते. या कामाला विद्यापीठ गुण देणार आहे, म्हणजे तुला तिथं काय काय शिकायला मिळावं हे कुठंतरी लिहिलेलं असणार. तो कागद शोध आणि तुमच्या प्राध्यापकांना दाखवून बोल. ऑफिसात मात्र ‘मला काम द्या’ असं मोघम मागू नकोस. ‘या प्रकरणाचा घटनाक्रम मी लावून बघू का?’ असं विचार. मोघम मागणाऱ्याला ‘बघू’ म्हणून वाटेला लावता येतं, नेमकं मागणाऱ्याला टाळणं जड जातं. आणि तीन आठवड्यांवरून निकाल लावू नकोस. जर्मनीत विद्यापीठातलं कायद्याचं शिक्षण संपवून पहिली परीक्षा दिल्यावरही दोन वर्षं न्यायालय, सरकारी वकील, प्रशासन आणि वकिलाचं ऑफिस असं फिरत देखरेखीखाली काम करावं लागतं. त्यातले किमान ९ महिने वकिलाकडे जातात.

पान नंबर घालताना पानं वाचतोस की नाही, हे तू लिहिलं नाहीस. मी वाचत नव्हते. विद्यार्थिनी असताना एका अशिलानं आणलेली कागदांची पिशवी माझ्याकडे आली. तारखेनुसार लावायचं, बस. मी नोटिशींवर छापलेल्या तारखा बघून सगळं झकास लावलं, रिकामी पाकिटं चुरगळून टोपलीत टाकली आणि फाईल सरांपुढे ठेवली. त्यांनी एका नोटिशीवर बोट ठेवलं. ‘ही यांना मिळाली कधी?’ मी तारीख वाचून दाखवली. ‘ती लिहिल्याची. मिळाल्याची?’ मग आम्ही दोघं टोपलीपाशी उकिडवे बसलो. पाकीट सापडलं. त्यावरचा पोहोचल्याचा शिक्का ९ दिवसांनंतरचा होता, आणि उत्तर द्यायची मुदत मोजायची होती ती नोटीस मिळाल्यापासून. सर काही बोलले नाहीत. तळहातानं पाकीट सपाट केलं आणि नोटिशीमागे टाचलं. ‘मुदत केव्हापासून मोजायची’ हा प्रश्न मी परीक्षेत पूर्ण गुण घेऊन सोडवला होता, बरं का.

आता मॅडमच्या लाल शाईबद्दल. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयातलं माटा विरुद्ध एव्हिआंका हे प्रकरण तू ऐकलं असशील. विमानात खाद्यपदार्थांची ढकलगाडी गुडघ्याला लागली, एवढाच मूळ वाद. एका वकिलानं चॅटजीपीटीकडून निवाडे मिळवले, ते अस्तित्वातच नव्हते. २०२३ मध्ये न्यायालयानं ५,००० डॉलर दंड केला. सगळे हसतात ते यंत्रावर. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: शोध घेणारा वकील एक होता आणि ते निवाडे घालून न्यायालयात दिलेल्या कागदावर सही करणारा दुसरा. सही करणाऱ्यानं ते निवाडे स्वतः तपासले नव्हते.

तुझ्या प्रत्येक टिपणाखाली उद्या कुणाची तरी सही येणार आहे. म्हणून टिपण देताना सोबत सांगत जा, हा निवाडा मी पूर्ण वाचला, याचा फक्त सारांश पाहिला, हा नंतर वरच्या न्यायालयानं फिरवला का ते तपासायचं राहिलंय. ‘राहिलंय’ म्हणायला लाज वाटते, ठाऊक आहे. पण ते ऐकून मॅडम कामाला लागू शकतात, न सांगितल्यावर काय करणार? त्या चौथ्यांदा मसुदा परत देतात म्हणजे चौथ्यांदा वाचतात. माझ्या मैत्रिणीचं काम तिच्या वरिष्ठांनी सहा आठवड्यांत एकदाही वाचलं नाही. तिला प्रमाणपत्र मात्र ‘उत्कृष्ट’ मिळालं.

परत आलेल्या मसुद्यातल्या दुरुस्त्या नुसत्या उतरवू नकोस. जुनी प्रत शेजारी ठेव आणि वाक्य का कापलं असेल ते आधी स्वतः लिही. मग मॅडमना विचार. माझा अंदाज असा की निम्मी वाक्यं चूक म्हणून नाही, तर सिद्ध करता येणार नाहीत म्हणून कापलेली असतील.

अशील तुला जिन्यात गाठून विचारणार, ‘आपण जिंकू ना?’ अनुभवी माणसाच्या चेहऱ्यावर उत्तर दिसत नाही, म्हणून लोक तुझ्यासारख्या नव्या चेहऱ्याला विचारतात. धीर द्यावासा वाटेल. देऊ नकोस. ‘मी विद्यार्थी आहे, मॅडमशी बोलून घ्या’ म्हण, आणि त्यांनी काय विचारलं ते त्याच दिवशी मॅडमच्या कानावर घाल.

एक गोष्ट तू पत्रात ओझरती लिहिलीस, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. गेल्या वर्षी जिथं काम केलंस, त्यांचा अशील आता एका प्रकरणात समोरच्या बाजूला आहे म्हणतोस. हे मॅडमना अजून सांगितलं नसशील तर उद्या सकाळी पहिलं तेच सांग. तिथं काय कळलं होतं ते मात्र त्यांनाही सांगायचं नाही. फक्त तिथं काम केलं होतं, एवढंच. ती फाईल तोवर उघडू नकोस. आणि मलाही प्रकरणाचं नाव लिहायला नको होतंस. तुझं पत्र मी फाडून टाकलंय.

पुढचा मसुदा छापताना उजवीकडे रुंद समास सोड. त्यांना लिहायला जागा पुरत नसावी, दोन दुरुस्त्या पाठीमागे लिहिल्यात म्हणतोस.

तुझी,
ताई