कोठ्यात उभी असलेली जुनी गाडी चालू करायची? आधी किकवरून उतरा

दारव्ह्याहून प्रश्न: बाबाची येझदी मोटरसायकल अकरा वर्षं कुटाराच्या कोठ्यात उभी होती. आता बाहेर काढली तर किक खालीच जाऊन नाही राहिली, दोघं उभे राहिलो तरी. इंजिन गेलं का भाऊ?

नाही गेलं, पण त्या दोघांना आधी खाली उतरवा. पिस्टनच्या रिंगा गंजून बोरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरला) चिकटल्या असतील, आणि अशात जोर लावला तर किकचे दाते जातात, मंग साध्या कामासाठी अख्खं इंजिन खोलावं लागते. स्पार्क प्लग काढा, आत अर्धा कप डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल मिसळून टाका. टू स्ट्रोक आहे, पिस्टन खाली अडकला असंल तर डिझेल पोर्टातून (बोरच्या बाजूच्या भोकातून) सायलेन्सरात वाहून जाते, म्हणून रोज पाहून परत टाकत जा. चार-पाच दिवसांनी चौथा गियर टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा, हळूहळू. केसभर जरी सरकलं तरी समजा काम झालं. आठवडाभरात नाहीच हललं तर हेड-बोर उतरवा.

सुटलं की प्लग बाहेर ठेवूनच चाक फिरवत राहा म्हणजे आतलं डिझेल निघून जाते. सायलेन्सरात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं का तेही पाहा, कोठ्यातल्या गाडीत हे हमखास सापडते. पॉइंट (उघड-मिट होऊन स्पार्क पाडणारे दोन टोक) बारीक पॉलिश पेपरनं घासा, गॅप 0.4 मिमीच्या आसपास ठेवा, कार्बोरेटरचे जेट साफ करा. आणि पहिल्यांदा चालू करताना एक हात चावीवर पाहिजेच, कारण इतकी वर्षं सुकलेल्या क्रँकच्या सीलमधून हवा ओढली तर गाडी रेस न देता आपोआप चढत जाते. तसं झालं की लगेच बंद करा, सील बदलल्याशिवाय परत चालवू नका. सोबत पांढरा धूर आणि गियर ऑइल कमी होत असंल तर क्लचकडची सील गेली समजा.

राजदूत दोन किलोमीटर चालते अन् बंद पडते. थंडी झाली का मंग चालू. काहून?

बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज येऊन गाडी चालू झाली तर झाकणाचं भोक बुजलं आहे, तार घालून साफ करा. नाही झाली तर स्पार्क पाहा. गरम असताना स्पार्क जात असंल तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) किंवा कॉइल (स्पार्कसाठी वीज वाढवणारी) खराब समजा. पॉइंटवर मोठी पिवळी ठिणगी उडत असंल तर पहिले कंडेन्सरच बदला, तो स्वस्त पडते.

जुनी बुलेट तीन वर्षं उभी हाय, इंजिन ऑइलच्या टाकीत ऑइलच दिसत नाही. भरून किक मारू का?

थांबा! ऑइल कुठं गेलं नाही, पंपातून झिरपून खाली क्रँकमधे उतरलं आहे. वरून भरलं तर धुराचा लोट निघंल आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर येईल. खालचा ड्रेन बोल्ट काढून सगळं काढा, मंग नवं लेव्हलपर्यंत भरा. किक मारताना अँमीटरचा (वीज दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधे आला की डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक थोडी पुढं सरकवा, सोडून वर येऊ द्या आणि मग एकच पूर्ण किक. नाहीतर उलटी बसते, पाय मोडू शकते.

टू टी ऑइल (टू स्ट्रोकच्या पेट्रोलमधे मिसळायचं) किती टाकायचं?

जुन्या येझदी-राजदूतला लिटरला 40 मिली. आणि पेरणीच्या हंगामात दोन महिने उभी ठेवणार असाल तर टाकी अन् कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढते.