मुलगी बास्केटबॉल टीममध्ये आलीये? मग सुरुवातीला एवढंच सांभाळा

अभिनंदन! सिलेक्शन झालं हे भारीच, पण पहिल्या सीझनला डावपेच, पोझिशन वगैरे सगळं कोचवर सोडा, तुमचं काम वेगळंय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बाहेरून ओरडून कोचिंग करणं. तुम्ही "शूट कर, शूट कर" म्हणता, कोचने पास द्यायला सांगितलेलं असतं, पोरगी मधल्यामध्ये गोंधळते आणि बॉल जातो. त्यापेक्षा टाळ्या वाजवा, चांगल्या पासला तर जास्तच, कारण पॉइंट काढणारीचं कौतुक सगळेच करतात, तिच्यासाठी स्क्रीन लावणारी, म्हणजे समोरच्या खेळाडूची वाट अडवून तिला मोकळं करणारी, कुणाला दिसत पण नाही.

दुसरं म्हणजे कोर्टवर पाचच जणी असतात, बाकीच्या बेंचवर. कमी खेळायला मिळालं तर मॅच संपल्या संपल्या कोचशी वाद घालू नका, एक दिवस जाऊ द्या आणि मुलीलाच विचारू दे, "सर, मी काय सुधारू?" हे तिला स्वतः विचारता येणं मला तरी दहा बास्केटपेक्षा मोठं वाटतं.

आणि हो,
- पाचवा फाऊल होऊन ती बाहेर बसली तरी रेफरीला बोलायचं नाही
- टीममधल्या पोरींशी तुलना नको, त्या तिच्या मैत्रिणी आहेत
- घरी येताना मॅचचं पोस्टमार्टम नको, ती बोलली तर फक्त ऐका

पर्सनल ट्रेनर, एक्स्ट्रा कॅम्प हे नंतर बघू, आत्ता प्रॅक्टिसला वेळेवर पोचवा आणि खेळू द्या तिला.