तिकिटावरची भोकं आणि माळ्यावरचा डबा

प्रश्न: काका, आजोबा फोर्टात एका ऑफिसात कारकून होते. माळा आवरताना त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, त्यात पंचम जॉर्जची एक आण्याची तिकिटं आहेत आणि त्यातल्या चारांवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत. उजेडात धरलं की आर आणि बी अशी अक्षरं दिसतात. एका दुकानदाराला दाखवली तर म्हणाला डॅमेज माल आहे, टाकून द्या. कंपनी कुठली असेल? (गिरगाव)

उत्तर: टाकू नका हो! याला परफिन म्हणतात, कंपनीने स्वतःच मशीनने पाडलेली भोकं असतात ही. पूर्वी तिकिटं जमवणारे बरेच जण अशी तिकिटं फाटकी समजून फेकून द्यायचे, तुमचा दुकानदार त्याच पठडीतला दिसतो. गंमत अशी की हे सगळं सुरू झालं ते तुमच्या आजोबांसारख्या कारकुनांमुळेच (रागावू नका, आजोबांना काही म्हणत नाहीये). ऑफिसच्या ड्रॉवरमधली तिकिटं म्हणजे जवळपास रोकडच, दोन-चार खिशात घातली आणि बाहेर विकली तर कुणाला पत्ता लागणार? म्हणून लंडनच्या जोसेफ स्लोपरने तिकिटात अक्षरं टोचायची युक्ती काढली, १८६८ मध्ये ब्रिटिश पोस्टाने तिला परवानगी दिली आणि मग ती आपल्याकडेही आली, बँका, रेल्वे, मोठ्या पेढ्या सगळ्यांनी वापरली.

आता कंपनीचं. आर बी म्हटलं की लोक लगेच राली ब्रदर्स म्हणून मोकळे होतात. असेलही, त्यांचा मुंबईत कापसाचा मोठा कारभार होता. पण आर आणि बी ही आद्याक्षरं असणारी पेढी काय एकच होती का? नुसत्या अक्षरांवर विसंबू नका. तिकीट उलटं करून काळ्या कागदावर ठेवा, भिंग घ्या आणि भोकं मोजा, आरमध्ये किती, बीमध्ये किती, मग अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये, आणि दोन अक्षरांच्या मध्ये टिंब आहे का तेही बघा. दोन कंपन्यांची अक्षरं सारखी असली तरी मशीन वेगळं, त्यामुळे भोकांची संख्या आणि उंची बहुतेक वेळा वेगळी निघते. कधी एखादी पिन मोडलेली असते, तिथे भोकच पडत नाही, तसं झालं तर ते नशीबच समजा, कारण तीच खोड दुसऱ्या तिकिटावर दिसली की दोन्ही एकाच मशीनची हे जवळपास नक्की. आणि चारांपैकी दोन सुलटी नि दोन आरशातल्यासारखी उलटी निघाली तर घाबरू नका, कारकून तिकिटांचं अख्खं शीट दुमडून एका दमात टोचायचा, मग अर्धी उलटी येणारच.

त्यानंतर पोस्टाचा शिक्का. गाव आणि तारीख वाचता आली तर अर्धं काम झालं. शिक्का पुसट असेल तर तिकिटाचा रंग सांगतो, एक आणा लालसर असेल तर आधीचा, चॉकलेटी असेल तर १९२२ नंतरचा. चॉकलेटी तिकिटाच्या मागे वॉटरमार्कमध्ये (कागदातच उमटलेली पुसट खूण) एकच मोठा तारा दिसला तर लंडनची छपाई, बारीक ताऱ्यांची गर्दी असली तर १९२६ पासूनची, म्हणजे आपल्या नाशिकच्या प्रेसची. आजोबा नोकरीला कधी लागले ते घरात विचारा आणि या तारखेशी ताडून बघा. त्यांचं पगाराचं जुनं पत्र, ऑफिसचं लेटरहेड असलं काही डब्यात किंवा ट्रंकेत आहे का तेही शोधा, तिकिटापेक्षा ते जास्त बोलेल.

प्रश्न: माझ्याकडे भोकांचं तिकीट चिकटलेलं एक अख्खं पाकीट आहे. तिकीट सोडवायला कोमट पाण्यात किती वेळ ठेवू? (डोंबिवली)

उत्तर: अजिबात ठेवू नका, एक मिनिटसुद्धा नाही. मी शाळेत असताना हेच केलंय. पाकिटाच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्या पेढीचं नाव छापलेलं होतं, मी तिकीट छान सोडवलं, टॉवेलवर वाळवलं आणि ओलं पाकीट केराच्या डब्यात टाकलं. तीन अक्षरांचं ते तिकीट अजून अल्बममध्ये आहे, कंपनीचं नाव मात्र केराबरोबर गेलं, आज पन्नास वर्षं झाली तरी सापडलेलं नाही. पाकिटावर छापलेलं नाव आणि तिकिटातली अक्षरं जुळणं हाच सगळ्यात भक्कम पुरावा असतो. आणखी एक बघा, शिक्का मारताना शाई भोकांतून खाली पाकिटावर उतरते. तिकीट आपोआप एखाद्या कोपऱ्यात सुटलं असेल तर अलगद उचलून भिंगातून बघा, अक्षराच्या आकारात काळे ठिपके दिसतील. ठिपके असले तर भोकं शिक्क्याच्या आधीचीच, म्हणजे नंतर कुणीतरी भाव वाढवायला टोचलेली नाहीत.

प्रश्न: जुन्या वकिली कागदांवर तिकिटं आहेत, पण राजाच्या डोक्याच्या जागी एकच मोठं गोल भोक आहे. हे पण परफिन का? (ठाणे)

उत्तर: नाही, ती कोर्ट फीची तिकिटं. १८७० च्या कोर्ट फी कायद्यातच लिहिलंय की तिकीट रद्द करताना डोक्याचा भाग पंच करून काढायचा आणि रक्कम तशीच ठेवायची. तेव्हा राजाचं डोकं कारकुनाने नियमाप्रमाणेच उडवलंय. कागदापासून वेगळी मात्र करू नका, वरचंच कारण.

प्रश्न: कांगारूचं ऑस्ट्रेलियन तिकीट मिळालं, त्यावर ओ आणि एस टोचलंय. कुठली कंपनी? (विलेपार्ले)

उत्तर: कंपनी नाहीच, ते ऑफिशियल सर्व्हिसचं ओ एस, सरकारी टपालाचं. आपल्याकडे सरकारी तिकिटांवर सर्व्हिस किंवा ऑन एच एम एस (ऑन हिज मॅजेस्टीज सर्व्हिस, म्हणजे राजाच्या सरकारी कामासाठी) असं छापायचे, ऑस्ट्रेलियावाल्यांनी टोचलं एवढाच फरक. कॅनडातसुद्धा ओ एच एम एस टोचलेली सरकारी तिकिटं आहेत, पुढेमागे हाताला लागली तर त्यांचीही कंपनी शोधत बसू नका.