ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा बिघाड आणि ग्राहकाचे हक्क : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची, गाड्यांची आणि विक्रेत्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी ड्युअल क्लच गाडी चौदा महिन्यांची आहे. हिंजवडीच्या रहदारीत अर्धा तास गेला की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती थरथरते आणि मध्येच झटका देते. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. दर वेळी सॉफ्टवेअर अपडेट करून ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते’ असे सांगितले जाते. मला नवी गाडी किंवा पूर्ण पैसे मागता येतील का? (पुणे)

मागता येतील, परंतु मिळतील की नाही हे आपल्याकडच्या कागदांवर ठरेल, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो. चारही भेटींची जॉब कार्डे (तक्रार व केलेले काम नोंदवणारे सर्व्हिस सेंटरचे कागद) काढून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींमध्ये तक्रारीच्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ आणि केलेल्या कामाच्या रकान्यात ‘रोड टेस्ट घेतली, ओके’ एवढेच लिहिलेले असते. ग्राहकाने तोंडी सांगितलेली थरथर, झटके, डॅशबोर्डवर उमटलेला इशारा यांतले काहीही कागदावर नसते आणि ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे ते घडलेच नाही असे होऊन बसते. पुढच्या खेपेस तक्रार आपल्या शब्दांत, किती वेळ आणि कोणत्या रहदारीत गाडी चालवल्यावर होते यासह लिहून घ्या, त्याशिवाय सही करू नका. स्कॅनरवर आलेल्या फॉल्ट कोडची (गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकांची) प्रिंट मागा. ती नाकारली तर त्याच दिवशी ई-मेलने मागणी नोंदवा.

कोरड्या ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात आणि ते गार ठेवायला तेल नसते. रांगेत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना क्लच सतत अर्धवट धरलेला राहतो, तापतो आणि त्याची पकड असमान होते. तीच आपल्याला जाणवणारी थरथर. यात चालकाच्या सवयीचा थोडा वाटा असू शकतो, हे मी नाकारत नाही. परंतु शहरात चालवण्यासाठी विकलेली गाडी शहरातल्या रहदारीत नीट चालत नसेल, तर तो दोष ग्राहकाच्या उजव्या पायाचा नव्हे. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबाबत हेच उत्तर ग्राहकांना दिले जात होते. तेथील ग्राहक आयोगाच्या कारवाईत फेडरल न्यायालयाने 2018 मध्ये कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, तो तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या गेल्या त्या वर्तनासाठी. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण युक्तिवादात सांगण्यासारखा जरूर आहे.

आता मागणीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 नुसार आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. मात्र 2006 साली मारुती उद्योग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर केवळ तिच्या आधारे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून मी अशिलांना एकच टोकाची मागणी करू देत नाही. प्रथम गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी. ते मान्य नसल्यास संपूर्ण क्लच संच व मेकॅट्रॉनिक युनिट (क्लच आणि गिअर चालवणारा नियंत्रण भाग) विनामूल्य बदलून त्यावर नवी वॉरंटी द्यावी. आणि दोन्ही बाबतींत गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिल्याच्या काळासाठी भरपाई मिळावी, अशी पर्यायी मागणी लिहावी.

दोष मूळ उत्पादनातला आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे ग्राहकावर येते आणि बहुतेक तक्रारी येथेच पडतात. तक्रारीसोबतच कलम 38 खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्या. पुण्यातील एआरएआय ही वाहन संशोधन व चाचणी संस्था किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग यांची नावे सुचवता येतात. तपासणीचे शुल्क आपल्याला भरावे लागेल. तपासणीपूर्वी गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू नका आणि तक्रार प्रलंबित असताना आयोगाच्या परवानगीवाचून ती विकू नका. गाडी विकल्यावर तक्रारदार ‘ग्राहक’ उरत नाही, या कारणाने तक्रारी फेटाळल्या गेल्या आहेत.

प्रश्न : एएमटी गाडीचा क्लच 32,000 किलोमीटरवर गेला. आंबा घाटातून आठवड्याला दोनदा जाणे-येणे असते. ‘क्लच प्लेट झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून मोठे बिल हाती दिले. (रत्नागिरी)

एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे चालकाऐवजी ती हालचाल घडवणारा अ‍ॅक्चुएटर व संगणक करतात. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ही सोय आपल्याकडे स्वस्तात आली, तेव्हापासून हा वाद माझ्याकडे नियमित येतो. क्लच प्लेट वॉरंटीबाहेर ठेवणारी अट सहसा वैध असते, त्यामुळे तिच्याशी थेट भांडण्यात अर्थ नाही. प्रश्न असा विचारायचा की प्लेट झिजली कशामुळे?

जुनी प्लेट परत मागा आणि उजेडात नीट पाहा. अस्तरावर तेलाचे ओले डाग असतील तर कुठला तरी ऑइल सील गळतो आहे आणि तो ‘झिजणारा भाग’ या सबबीत सहज बसत नाही. प्रेशर प्लेटवर निळसर जळके ठिपके असतील तर क्लच घसरून तापलेला आहे. घाटात चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी थोपवून धरली तरी असे होते आणि अ‍ॅक्चुएटर क्लच पुरता जोडत नसेल तरीही असे होते. त्यामुळे अ‍ॅक्चुएटरची चाचणी आणि क्लच अ‍ॅडाप्टेशनची (संगणकाने झिजेनुसार क्लचची जुळणी केल्याची) नोंद लेखी मागणे महत्त्वाचे. अ‍ॅक्चुएटर सदोष निघाला, तर त्याच्यामुळे जळलेल्या प्लेटचा खर्चही मागता येतो. आपल्या पत्रात चढावर गाडी कशी थांबवता याचा उल्लेख नाही. त्याचे खरे उत्तर स्वतःशी देऊन मगच पुढे जा, कारण उलटतपासणीत हाच प्रश्न पहिला येईल. बिल भरावेच लागले तर त्यावर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहून सही करा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो कंपनी जबाबदार, कंपनी म्हणते विक्रेता स्वतंत्र व्यावसायिक आहे. तक्रार कोणाविरुद्ध व कोठे करावी? गाडी आमच्या छोट्या कंपनीच्या नावावर आहे, त्याने काही बिघडते का? (ठाणे)

दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने जुन्या वर्षाची गाडी दिली होती. टाटा मोटर्सच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले की कंपनी व विक्रेता यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल आणि विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचा पुरावा नसेल, तर त्या कृत्यासाठी कंपनीला धरता येत नाही. म्हणून तक्रारीत दोन गोष्टी वेगळ्या मांडा. गिअरबॉक्सचा दोष कंपनीचा. खोटी आश्वासने, दुरुस्तीतील दिरंगाई, अपुरी जॉब कार्डे ही विक्रेत्याची सेवेतील त्रुटी. दोन्ही एकत्र कालवल्या की दोघेही निसटतात.

गाडीसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. आता तक्रार आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही दाखल होते, गाडी घेतली त्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400 रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ या आश्वासनावर ती संपू देऊ नका. तपासणी लागणाऱ्या तक्रारींचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ धरून चाला.

कंपनीच्या नावाचे म्हणाल, तर संचालकांच्या वापरासाठी कंपनीने घेतलेल्या मर्सिडीज गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ती व्यापारी हेतूची खरेदी मानली नाही. गाडी भाड्याने देत असाल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : द्रुतगती मार्गावर ताशी 80 च्या वेगात गाडीचा ड्राइव्ह अचानक सुटला. मागून ट्रक येत होता, थोडक्यात वाचलो. याच मॉडेलच्या आणखी मालकांना असा अनुभव आहे. (नाशिक)

ही गाडी दुरुस्त होऊन तपासली जाईपर्यंत महामार्गावर नेऊ नका, टो करूनच हलवा. कुटुंबाला घेऊन ‘एवढी एक फेरी’ मारल्याची पत्रे मी वाचतो तेव्हा फार काळजी वाटते.

मोटार वाहन कायद्याचे कलम 110-अ येथे उपयोगी पडते. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार, एकाच प्रकारच्या वाहनाबाबत ठरावीक प्रमाणात मालकांनी केंद्र सरकारकडे दोष नोंदवला आणि तो पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरील इतरांना हानिकारक असला, तर सरकार वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. वाहन सात वर्षांच्या आतले असावे लागते. तक्रार वाहन पोर्टलवर प्रत्येक मालकाने स्वतंत्र करायची असते, त्यामुळे चारशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटापेक्षा त्यांतल्या प्रत्येकाची नोंद अधिक मोलाची.

एक बारकावा मात्र लक्षात असू द्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या) प्रकरणात ‘हानी’ या शब्दात खुद्द त्या वस्तूचे नुकसान येत नाही. इजा झाली किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते प्रकरण उपयोगी. गिअरबॉक्सच्या किमतीसाठी सदोष वस्तूचीच तक्रार करावी लागते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नव्या गाडीच्या सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची दोनदा दुरुस्ती झाली, तरी चढावर पिकअप जातो. भारतासारखाच मार्ग आहे का? (एडिसन)

तिकडे याहून सरळ मार्ग आहे. न्यू जर्सीच्या लेमन लॉमध्ये, म्हणजे सदोष गाड्यांविषयीच्या कायद्यात, पहिली दोन वर्षे किंवा 24,000 मैल, यांपैकी जे आधी संपेल त्या काळात नोंदवलेला मोठा दोष तीन प्रयत्नांतही सुटला नाही, किंवा गाडी एकूण 20 दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर गाडी परत घेण्याची मागणी करता येते. आपले दोन प्रयत्न झाले आहेत. आता विक्रेत्याला नव्हे, थेट उत्पादकाला पोचपावतीसह सर्टिफाइड मेलने पत्र पाठवून दुरुस्तीची शेवटची संधी द्या. त्यासाठी त्यांना दहा दिवस मिळतात. पत्राची प्रत, पोचपावती आणि दोन्ही दुरुस्त्यांची बिले एकत्र ठेवा. दोष राहिलाच तर राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागातील लेमन लॉ युनिटकडे ती सादर करावी लागतील.