43 चॉइस कसले भरतोस रे?

पत्र गोव्यातल्या साखळी गावच्या एका मुलाचं आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून यंदा मेकॅनिकल झाला, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मेंटेनन्सला ट्रेनी म्हणून ऑफर आहे, हातात 21 हजार, शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचंय. दुसरीकडे एमटेकच्या प्रवेशासाठी गेट परीक्षा दिलेली, स्कोअर बरा आलाय, बाबा म्हणतात आत्ताच शिकून घे, एकदा पगाराची सवय लागली की कोण शिकतो. आई म्हणते तुला हवं ते कर. 'ताई, एमटेक करू की जॉइन होऊ?'

अरे बाबू, उत्तर तुझ्याच पत्रात आहे, तू ते कंसात घालून पुढे गेलास. '(सीसीएमटीत, म्हणजे एमटेकच्या केंद्रीय प्रवेशात, 43 चॉइस भरून ठेवलेत, बघू काय लागतं ते.)'

43? त्यातले चार-पाच तूच लिहिलेस, थर्मल, डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग, वरून इंडस्ट्रियल सेफ्टी, आणि कॉलेजं सुरतकलपासून आगरतळापर्यंत. हे चॉइस आहेत की लॉटरीची तिकिटं? ज्याला खरंच काही शिकायचंय त्याची यादी एवढी लांब होत नाही रे. तू तीन भरले असतेस, तिन्ही थर्मलचे, आणि 'मला हेच करायचंय' असं लिहिलं असतंस ना, तर मी म्हटलं असतं नोकरी गेली खड्ड्यात, मडगावला गाडीत बस आणि सुरतकलला उतर. पण तुझ्या दोन पानी पत्रात विषयाबद्दल एक ओळ नाही, आणि कंपनीची बस साखळीहून पहाटे सव्वापाचला सुटते हे मात्र दोनदा आलंय. तुला एमटेक नकोय, तुला आणखी दोन वर्षं हॉस्टेल हवंय आणि बाबांच्या 'शिकून घे'चं आयतं झाकण मिळालंय.

तेव्हा जॉइन हो. शुक्रवारची वाट कशाला, उद्याच मेल टाक.

गेटचा स्कोअर कुठे पळून जात नाही, निकालापासून 3 वर्षं चालतो, म्हणजे यंदाचं सोडलंस तरी पुढच्या दोन उन्हाळ्यांतले प्रवेश शिल्लक आहेत. (कंपनीचा बॉण्ड आहे का ते तू लिहिलं नाहीस. सही करण्याआधी वाच. दोन वर्षांचा असला तरी शेवटचा प्रवेश गाठता येतो.) एमटेकला स्टायपेंड मिळतो हे खरं, महिन्याला 12,400, त्याबदल्यात आठवड्याला 8 तास लॅबमध्ये बीटेकच्या पोरांच्या जर्नल्स तपासायच्या वगैरे. आवडत्या विषयासाठी हे कोणीही हसत करील, न आवडत्या विषयात थीसिसच्या वर्षी पोरं रडकुंडीला येतात.

आणि मेंटेनन्स म्हणून नाक मुरडू नकोस. औषधाच्या प्लांटमध्ये बॉयलर, चिलर, कॉम्प्रेसर, एएचयू (हवा गाळून खोल्यांत सोडणारं यंत्र) सगळं चोवीस तास चालू असतं. रात्री तीनला एएचयूचा फिल्टर चोक होतो, क्लीन रूमचं प्रेशर खाली येतं, अलार्म वाजायला लागतो, प्रॉडक्शनवाले बॅच अडली म्हणून तुझ्या डोक्यावर उभे, आणि कुठला डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, किती उघडायचा ते तुला ठरवायचं असतं. हे सगळं थर्मलच आहे; अशा दहा-बारा रात्री काढ, मग सांग थर्मल आवडतं की नाही. आवडलं तर पुढच्या वेळी यादी आपोआप तीनची होईल, आणि नाहीच आवडलं तर दोन वर्षं वाचली.

आता एक चलाखी करू नकोस. आज जॉइन व्हायचं आणि सीट लागली की ऑगस्टमध्ये न सांगता गायब, असं तुझे मित्र करतायत म्हणून तू करायचं नाही. पुढच्या वर्षी ती कंपनी फर्मागुडीला आली नाही तर तुझ्या ज्युनियर्सनी कोणाच्या नावाने शंख करायचा? सीसीएमटीतून मुदतीत रीतसर बाहेर पड, आणि बाबांना तूच सांग, आईला मध्ये घालू नकोस.

हां, आणि चवथीची, म्हणजे गणपतीची, रजा पहिल्याच दिवशी मागू नकोस. आधी रोस्टर लागू दे, मग सिनियरला गाठ, वेर्ण्यात तो प्रश्न सगळ्यांनाच असतो.